गाडी उंच, टायर मोठे. पण माप कोण सांगणार?

माझा धंदा कापडाचा. टायरवर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे वाचक विचारतील आणि ते रास्तच आहे. परंतु २०२३ च्या पावसाळ्यात एक तंटा माझ्या दुकानाच्या गादीवर येऊन बसला. एका बाजूला माझा सख्खा भाचा, दुसऱ्या बाजूला आपल्याच बिरादरीतला एक तरुण गॅरेजवाला मिस्त्री. दोघेही मेहनती आणि नमाजी, आणि दोघेही तावातावाने बोलत होते. त्या तंट्याचा उलगडा करता करता मला जे समजले, ते गॅरेज, टायर आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारात असलेल्या बांधवांपुढे ठेवणे मला जरुरीचे वाटते.

हकिकत थोडक्यात अशी. भाचा आखातात सात वर्षे नोकरी करून परतला. तिकडे वाळवंटात उंच केलेल्या, रुंद टायरांच्या गाड्या वाळूच्या टेकड्यांवर चढताना त्याने पाहिल्या होत्या. इकडे आल्यावर त्याने वापरलेली जुन्या बनावटीची थार घेतली. ही बनावट कंपनीने २०१० साली आणली आणि २०२० साली नव्या थारने तिची जागा घेतली. गाडीला कंपनीचे टायर होते २३५/७० आर १६. भाच्याने मिस्त्रीकडून गाडी दोन इंच उंच करवून घेतली, म्हणजे पुढचे टॉर्शन बार कसले आणि मागे पाटे व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. मग बाजारातून २६५/७५ आर १६ मापाचे, मोठ्या नक्षीचे चिखलाचे चार टायर आणून बसवून घेतले. स्टेपनी मात्र जुनीच ठेवली. पाचव्या टायरचे पैसे वाचले, असे त्यास वाटले.

दोन महिन्यांनी घरची मंडळी घेऊन तो भंडारदऱ्याकडे गेला. गाडी भरलेली, वळण पूर्ण, आणि त्यात एक चाक खड्ड्यात उतरले. गाडी खाली दबली तसा पुढचा टायर आतल्या पत्र्याच्या कडेला घासला आणि बाजूने कापला गेला. त्याने मागचे एक चाक काढून पुढे लावले आणि मागे स्टेपनी बसवली. पुढे चिखल लागला म्हणून फोर व्हील टाकले ते घोटीपर्यंत डांबरी रस्त्यावरही काढलेच नाही. घरी येईपर्यंत खालून आवाज सुरू झाला होता. क्लचप्लेट आधीच संपत आली होती. दुरुस्तीचे बिल मोठे झाले. भाचा म्हणे, “मामू, याने मला सांगायला पाहिजे होते.” मिस्त्री म्हणे, “चाचा, टायर यांनी पसंत केले, यांनीच आणले. मी सांगितले तेवढे काम केले, माझा काय कसूर?”

प्रथम मीदेखील हे नात्यागोत्याचे प्रकरण समजून मिटवायला निघालो होतो. पण कोणाचे किती चुकले हे कळल्याशिवाय निवाडा करणे म्हणजे न मोजता कापड फाडणे. म्हणून ओळखीच्या एका टायरवाल्याकडे दोन दिवस जाऊन बसलो. त्याने पहिल्यांदा टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. खरे सांगायचे तर त्या आकड्यांतच सगळा तंटा लिहिलेला होता.

२३५/७० आर १६ यातील २३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के उंच. १६ म्हणजे डिस्कचा व्यास, इंचात. हिशेब केला तर या टायरची पूर्ण उंची निघते सुमारे ७३५ मिलिमीटर. २६५/७५ आर १६ ची निघते सुमारे ८०४ मिलिमीटर. नवा टायर जुन्यापेक्षा ९.३ टक्क्यांनी मोठा.

हा आकडा ऐकला आणि मी गप्प झालो. कारण हा आकडा आम्हा कापडवाल्यांच्या ओळखीचा आहे. गज ३६ इंचांचा, मीटर ३९.३७ इंचांचा, मीटर गजापेक्षा ९.३६ टक्क्यांनी मोठा. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, त्यानंतर गजाचे भाव मीटरमध्ये बसवताना बाजारात किती घोळ झाले, हे वालिद मरहूम आम्हाला सांगत. भाच्याच्या गाडीत नेमका तोच घोळ झाला होता. गाडीतला मीटर चाकाचा घेर मोजत नाही, तो फक्त फेरे मोजतो. जुना टायर एका फेऱ्यात कागदोपत्री २ मीटर ३१ सेंटिमीटर जमीन कापतो, नवा कापतो २ मीटर ५२. (मी दुकानाची लोखंडी पट्टी नेऊन, टायरवर खडूची खूण करून मोजले. वजनाने टायर दबतो म्हणून दोन्ही मापे थोडी कमी भरली, पण फरक तेवढाच.) म्हणजे गाडी मीटरभर चालते आणि काटा गजभर लिहितो!

याचे परिणाम पाहा. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८७ च्या आसपास पळत असते. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही, वेग दिसतो. भाचा तक्रार करीत होता की, गाडी पूर्वी लिटरला १२ किलोमीटर जायची ती आता १० वर आली. त्यातले एक किलोमीटर तर मापातच गेले होते, कारण काट्यावरचे १० म्हणजे खरे जवळजवळ ११. उरलेले मात्र खरेच वजनापायी गेले. आणि सर्वांत मोठी गोष्ट पुढे विक्रीच्या वेळी येते. हे टायर लावून काट्यावर ५० हजार किलोमीटर झाले, तर गाडी प्रत्यक्षात साडेचोपन्न हजारांच्या वर चाललेली असते. विकताना जुने टायर परत चढवले की, घेणाऱ्याला काहीच कळत नाही. कमी मापाबद्दल आपल्या दीनमध्ये किती सक्त ताकीद आहे, हे मी या पानावर सांगायला नको. ओले धान्य ढिगाच्या तळाशी लपवणाऱ्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाडीचा काटा हाही ढीगच आहे. जुन्या गाड्यांच्या धंद्यात जे बांधव आहेत त्यांनी यावर विचार करावा.

आता उंचीची बाब. गाडी दोन इंच उंच केली म्हणजे सगळी गाडी दोन इंच वर गेली, असा समज आहे. तो गलत आहे. पाट्यांखाली ठोकळे घालून वर जाते ती बॉडी आणि चेसिस. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा जो गोळा असतो तो होता तिथेच राहतो, आणि दगडाला प्रथम लागतो तो हाच गोळा. त्याला वर उचलतो फक्त टायर, तोही व्यासातल्या फरकाच्या निम्मा. भाच्याच्या बाबतीत ६९ मिलिमीटरचा निम्मा, म्हणजे साधारण ३४ मिलिमीटर. सव्वा-दीड इंचासाठी एवढा खटाटोप! उंचीचे खरे काम हे की, मोठ्या टायरला हालायला जागा व्हावी. म्हणून जाणकार कारीगर आधी टायर ठरवतो आणि मग त्याला पुरेल तेवढीच उंची देतो. आपल्याकडे आधी उंची होते, मग त्या भगदाडात मावेल तेवढा मोठा टायर शोधला जातो. टॉर्शन बार जास्त कसले की, पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे तिरके चालतात आणि लवकर झिजतात, ते वेगळेच.

“बसतो” या शब्दाचाही खुलासा झाला पाहिजे. गॅरेजच्या सपाट फरशीवर गाडी उभी असताना टायर बसतो, याला बसणे म्हणत नाहीत. शिवलेली शेरवानी आरशापुढे उभे राहून बसते, पण मांडी घालून जेवायला बसले की काखेत फाटते, तसे हे आहे. एक चाक उंचवट्यावर चढवून, गाडीत भार ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले पाहिजे. मडगार्डला, बंपरला, चेसिसला, ब्रेकच्या पाइपला टायर कुठेही लागता कामा नये. मिस्त्रीने ही परीक्षा केली नव्हती. मी विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली. मला वाटते त्याचा कसूर इथे होता.

जोराचे गणित यंत्रमागवाल्यांना चटकन समजेल. मोटरवर मोठी पुली चढवली तर माग वेगाने पळतो, पण मोटरवर ताण येतो आणि ती तापते. मोठ्या टायरचे तसेच आहे. इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त जमीन कापते, पण चढावर जमिनीला मिळणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो, इथे आठ-नऊ टक्के. मग चालक पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून गाडी उचलतो आणि क्लचप्लेट जळते. यावर इलाज आहे. डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन बदलून गुणोत्तर पुन्हा जागेवर आणता येते, पुढचे आणि मागचे दोन्ही. परंतु त्याचा खर्च टायरांच्या खर्चाला भिडतो, म्हणून तो कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. ब्रेकचेही तेच. ब्रेकची पकड तेवढीच, चाक मोठे आणि जड, तेव्हा गाडी थांबायला जास्त अंतर लागणार. वर गाडीची उंची वाढलेली, वळणावर कलंडण्याचा धोका वाढलेला. घरातल्या बायकामुलांना घेऊन घाट उतरणाऱ्याने हे एकदा डोळ्यासमोर आणावे.

स्टेपनीचा मुद्दा छोटा आहे, पण बिल त्यानेच वाढवले. अशा गाडीत फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले जातात; मध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नसतो. मागे एक चाक लहान असेल तर पुढच्या-मागच्या फेऱ्यांत फरक पडतो. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ गिअरांवर आणि शाफ्टवर येतो. तेव्हा मोठे टायर घ्यायचे तर पाच घ्यावेत, चार नाही. पाच परवडत नसतील तर मोठे परवडत नाहीत, असा साधा हिशेब.

आखातातली वाळू आणि आपली माती यांत फरक आहे, हेही भाच्याच्या ध्यानात आले नाही. वाळूत रुंद टायर हवा कमी करून चालवतात, म्हणजे तो पसरतो आणि वाळूवर तरंगतो. आमच्या खानदेश-मराठवाड्याची काळी माती ओली झाली की, टायरच्या नक्षीत भरून बसते आणि पाहता पाहता टायर गुळगुळीत होतो. तिथे मोकळ्या, खोल नक्षीचा आणि फार रुंद नसलेला टायर चांगला, कारण तो वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. जुन्या विलीज जीपला ६.००-१६ चे अवघे सहा इंची टायर होते, आणि त्या टायरांवर ती गाडी महायुद्धाच्या चिखलातून गेली. (याच विलीज जीप पुढे मुंबईत जोडल्या गेल्या. ज्या कंपनीने हे काम केले तिचे १९४५ सालचे पहिले नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. त्यातील गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. आपल्या तरुण पिढीला हे ठाऊक नसते. असो.) आणि ज्याची गाडी महिन्यातले पंचवीस दिवस डांबरावर चालते, त्याने चिखलाचे टायर घेऊच नयेत. ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी, आवाज जास्त. त्याच्यासाठी दोन्हीकडे चालणारी मध्यम नक्षी बरी.

मापाखेरीज टायरवर आणखी दोन आकडे असतात, ते गठ्ठे-गाठी वाहणाऱ्या व्यापाऱ्यांनी अवश्य वाचावेत. एक भाराचा आकडा: १०५ लिहिले असेल तर एका टायरची ताकद ९२५ किलोची. नवा टायर कितीही रुबाबदार असो, हा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी असता कामा नये. दुसरा तारखेचा: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. चार-पाच वर्षे गोदामात पडलेला टायर “नवा माल” म्हणून गळ्यात मारणे आणि मागच्या मोसमाचा तागा नवा म्हणून विकणे, दोन्ही एकच. फरक एवढाच की, जुन्या ताग्याने कोणाचा जीव जात नाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, नोंदणी दाखल्यातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात हे कलम सक्त अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. टायरच्या आकाराबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९५ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे. यात विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला निमित्त देतो. तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला, कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांपैकी एखादे निवडावे आणि तिथेच थांबावे, असे माझे मत झाले आहे. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा होते, तिथल्या गाड्या वेगळ्या. त्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात, आणि तिथेही टायर बदलणारा कारीगर गिअर, ब्रेक, स्टिअरिंग सगळे त्याच्या बरोबरीने बदलतो.

मिस्त्री लोक यावर काय म्हणतील हे मला माहीत आहे. “चाचा, आम्ही नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जाते.” खरे आहे, जाते. गॅरेज, पंक्चर, वेल्डिंग, सीटकव्हर या कामांत आपली हजारो मुले आहेत. आपल्या समाजात नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जगणारे जास्त, हे सच्चर समितीने २००६ सालीच लिहून ठेवले आहे. त्यांच्या रोजीवर मी बसल्या जागेवरून उपदेश करावा हे मलाही बरे वाटत नाही. पण माझ्या दुकानात कोरे सुती कापड घ्यायला गिऱ्हाईक येते तेव्हा मी सांगतो की, हे धुतल्यावर आकसेल, एक बित्ता जास्त घ्या. काही जण म्हणतात, हा जास्त कापड खपवतोय, आणि उठून जातात. त्यांतले काही पहिला धुवा झाल्यावर परत येतात. काही येत नाहीत; तो तोटा मी सोसला आहे. न सांगता विकले असते तर ते माझ्या नावाने बोंब मारीत आले असते, जसा भाचा मिस्त्रीकडे गेला.

माझी सूचना एवढीच की, प्रत्येक गॅरेजवाल्याने एक साधी चिठ्ठी छापून घ्यावी. त्यावर जुन्या टायरचे माप, नव्याचे माप, व्यासातला फरक टक्क्यांत, काटा किती कमी दाखवेल तो आकडा, चाक उंचवट्यावर चढवून पाहिले की नाही, स्टेपनी त्याच मापाची आहे की नाही, आणि हा बदल कायद्यात बसतो की नाही. खाली दोघांच्या सह्या. आपल्यात उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे, मग ज्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे तो व्यवहार तोंडी का? तीन टक्क्यांपर्यंतचा फरक या धंद्यातले लोक चालवून घेतात. त्याच्या वर गेला तर मिस्त्रीने हात जोडून नको म्हणावे, आणि तरीही ऐकले नाही तर काम सोडावे. कठीण आहे, पण क्लचप्लेटचे भांडण अंगावर घेण्यापेक्षा सोपे.

तंट्याचा निवाडा मी असा केला: सुट्या भागांचे पैसे भाच्याने द्यावेत, मजुरी मिस्त्रीने सोडावी. भाच्याची अम्मी, म्हणजे माझी बहीण, अजून नाराज आहे. तिच्या मते मी परक्याची बाजू घेतली. मिस्त्रीच्या वडिलांना वाटते, मी घरच्याला सांभाळले. ठोकळे निघाले, टॉर्शन बार सैल करून गाडी मूळ उंचीवर आली, आणि भाच्याने २३५/७० आर १६ चेच, मध्यम नक्षीचे पाच टायर घेतले. त्या दोन महिन्यांत काट्यावर न आलेले किलोमीटर गाडीच्या कागदांत एका चिठ्ठीवर लिहून ठेवायला मी त्याला लावले. मोठे चार टायर मिस्त्रीच्या गॅरेजात पडून आहेत. ज्यांची गाडी मुळातच त्या मापाची असेल त्यांनी चौकशी करावी. चारांपैकी एकाच्या बाजूला काप आहे, तो विक्रीत धरलेला नाही.